बॅगेच्या खालच्या कप्प्यात

अहो,

तुमची बॅग भरताना खालच्या कप्प्यात माझा व्हिसाचा अर्ज सापडला. माझा फोटो लावलेला, सही केलेली, पण कुठेच न दिलेला. जर्मनीवाल्यांनी तो नाकारला असं तुम्ही मला सांगितलं होतं. मी आठ दिवस रडले, तेव्हा तुम्हीच माझी समजूत काढत होतात. तिथे संसार मांडायचा म्हणून मी शाळेतली नोकरी सोडली, वर्षभर भाषा शिकले.

आईंना विचारलं. त्या खाली बघत म्हणाल्या, "गुरु म्हणला, तितं एकट्याचं बरं पडतंय. शिवलीलाला कळू देऊ नको म्हणला."

म्हणजे घरात मलाच तेवढं माहीत नव्हतं.

मी अक्कलकोटला माहेरी, अप्पांकडे जातेय. आईंना दुपारची गोळी दिली आहे, रात्रीची तुम्ही द्या. संध्याकाळी तुम्हाला निरोप द्यायला पाहुणे येतील आणि माझी चौकशी करतील. त्यांना खरं काय ते तुम्हीच सांगा. "ह्यांचा जम बसला की मीपण जाणार," असं मी दोन महिने सगळ्या गल्लीला हसून सांगत होते. आज माझ्याच्यानं ते होणार नाही.

शिवलीला