मस्कादेचा आग्रह

१५ सप्टेंबर, सोमवार
क्वालिटी मॅनेजरची जागा पुन्हा निघाली. मागे दोनदा हुकली. का? तर मी पबमध्ये जात नाही. इथे आयर्लंडमध्ये प्रमोशनं ग्लासात ठरतात. आमच्या प्लान्टमध्ये बनणाऱ्या कॅथेटरच्या तक्रारी मी निस्तरायच्या आणि खुर्ची दुसऱ्याची. आता एकोणपन्नासावं लागेल. यंदा नाही तर कधीच नाही.
निश्चय: वाईन शिकणे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
शिकून झालं. मस्कादे. फ्रेंच, पांढरी, कोरडी. कालवं, शिंपल्या, साधा मासा, बकरीचं चीज यांच्याबरोबर घ्यायची. मसाला वर्ज्य. एक बाटली उघडून पाहिली. आंबट आहे, पण तो तिचा गुण आहे, असं पुस्तकात लिहिलंय.
लंचला टीमला चाळीस मिनिटं माहिती दिली. अभिजित माझ्या हाताखालचा, चौतीस वर्षांचा घोडा, मला काका म्हणतो. त्याने विचारलं, बॉसला काय आवडतं ते विचारलंत का? म्हटलं, बॉसला विचारायचं नसतं, ओळखायचं असतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
बॉसला, म्हणजे डेक्लनला, बायकोसकट जेवायला बोलावलं. ११ ऑक्टोबर. आधी नको नको म्हणाला, मग 'ग्रँड', म्हणजे चालेल, म्हणाला. आयरिश माणूस अगदी आपल्यासारखा. चहा विचारा, दोनदा नाही म्हणतो, तिसऱ्यांदा दोन बिस्किटांसकट घेतो. या लोकांचा माझा अभ्यास आहे. सहा वर्षं डेक्लनच्या शेजारच्या टेबलावर बसतोय.

४ ऑक्टोबर, शनिवार
सुरेखाशी वाद. माहेर रत्नागिरी. कालवं म्हटल्याबरोबर तिने आमसुलं आणि खोबरं बाहेर काढलं. म्हटलं, मसाल्यापुढे वाईन मरेल. म्हणाली, मरू दे. कच्ची कालवं लिंबू पिळून द्यायची आहेत म्हटल्यावर विचारते, पाहुण्यांना कच्चं वाढायला माझ्या हातांना काय झालंय?
तडजोड: दोन्ही. मसाल्याचं पातेलं टेबलाच्या लांबच्या टोकाला.
बायको साथ देत नाही, हे नमूद करून ठेवतो.

१२ ऑक्टोबर, रविवार, सकाळ ७.१०
कालचं मुद्देसूद लिहितो, म्हणजे माझी चूक नव्हती हे स्पष्ट होईल.
डेक्लन आणि त्याची बायको ओर्ला वेळेवर आले. मी बाटली उघडली, माहिती दिली. डेक्लन नको म्हणाला. अपेक्षितच. दुसऱ्यांदा नको म्हणून त्याने ग्लासवर हात आडवा धरला. आपल्याकडेही पाहुणे पानावर हात आडवा धरतात. वाढणारा थांबतो का? जिलबी बोटांवर पडते, मग खातातच. मी बोटांच्या फटीतून ओतली. थोडी ग्लासात, बरीचशी त्याच्या बाहीवर.
डेक्लन उठला. हळूच म्हणाला, आठ वर्षं मी दारूला शिवलेलो नाही. त्याआधी घर जवळजवळ मोडलं होतं.
मी म्हटलं, ही दारू नव्हे, मस्कादे आहे.
ओर्लाने कोट घेतला. सुरेखाने टॉवेल आणला, माफी मागितली, मसाल्याची कालवं डब्यात भरून दिली. दारात डेक्लन तिच्याशी दहा मिनिटं बोलला. माझ्याशी नाही.
सुरेखा एवढंच म्हणाली, सहा वर्षं तुम्ही त्या माणसाच्या शेजारी बसता.
कोणी सांगितलंच नाही, तर मला कसं कळणार? क्लोनडॉकिनच्या अख्ख्या प्लान्टला माहीत होतं म्हणे. अभिजितलासुद्धा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
इंटरव्ह्यू उत्तम. त्यांना प्रश्न विचारायची वेळच येऊ दिली नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
जागा अभिजितला.
डेक्लनला कारण विचारलं. वाटलं, बाहीचा राग धरला असेल. तसं नाही म्हणाला. म्हणाला, मशीनवरची माणसं तक्रार घेऊन तुझ्याकडे येतात आणि तुझंच ऐकून परत जातात. मग ती अभिजितकडे जातात. मी म्हटलं, एक मिनिट, आधी मी काय म्हणतो ते ऐक. तो हसला. चांगलं हसला नाही.
पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो. पोटातून रडू आलं. घरी काय सांगायचं ते सुचेना.
मग मन मोठं केलं. डिकीत एक मस्कादे होती, ती घेऊन अभिजितच्या टेबलाशी गेलो. अभिनंदन केलं. तो उठून उभा राहिला, हात जोडले, म्हणाला, काका, मनापासून थँक्यू, पण मी घेत नाही.
मी म्हटलं, असं कसं, थोडी तरी घ्यावीच लागेल.