वाईचा फोन

अक्षताच्या आई,

सकाळी फोनचं वाढीव बिल घेऊन हापिसात जाऊन आलो. दुसरी पाळी हाय, म्हणून तू रानातनं, भांगलणीहून यायच्या आधीच कारखान्यावर निघालोय.

खिडकीवरचा बाबू म्हणाला, "औंधावरनं वाई म्हंजे एसटीडी, लांबचा जादा दर. तुमास्नी लोकल कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "तुमच्याच माणसानं. तार ओढायला आला तवा म्हणाला, जिल्हा एकच हाय, बोला किती बी."

शेजारच्या लालासाहेबांनी ते ऐकलं हुतं, म्हणून त्यांस्नी संगट नेलं हुतं. त्यांनी आतल्या मोठ्या सायबाला तसंच सांगितलं. मग सायबानं त्या माणसाला बोलावलं आणि त्यानं कबूल केलं. ह्या बिलातला वाईचा आकार काढून टाकणार हायत. फोन बी कापणार न्हाईत.

पुढं मात्र पुरा दर लागंल. लागू दे. बिल आल्यापासनं तू फोनला हात लावला न्हाईस. तिकडं वाईला डॉक्टर अक्षताला खाटंवरनं उठू देत न्हाईत. काल तू रानात असताना तिचा फोन आला. "आई माझ्यावर रागावलीया का?" म्हणून इचारत हुती.

भाकरी झाकून ठेवलीया. आधी तिला फोन कर, मग जेव.

धोंडिराम