उड्डाणस्थळ व परिसर : आक्षेपार्ह काही नाही

८ सप्टेंबर २०२५, स. १०.४०
आज पोलीस ठाण्यात रुजू झाले. पद : ड्रोन पायलट व तांत्रिक सहायक, कंत्राटी. मुदत ३० नोव्हेंबर. काम : सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतांमध्ये चोरून लावलेला गांजा आकाशातून शोधणे. ठाणेदार साहेबांनी अट स्पष्ट सांगितली. मुदतीत ड्रोनच्या पुराव्यावर एक तरी गुन्हा दाखल झाला तर ठाण्यात कायमचा ड्रोन कक्ष, आणि त्यात मी. नाही झाला तर ड्रोन खोक्यात आणि मी अमळनेरला, घरी.

उड्डाणाची नियमावली मागितली. अशी काही नाही म्हणाले. मग म्हणाले, तुम्हीच लिहा.

ही रोजनिशी फक्त माझ्या पडताळणीसाठी. भावना लिहायच्या नाहीत. फक्त तथ्यं.

९ सप्टेंबर, रा. ८.१५
नियमावली, आवृत्ती १.०. एकूण अकरा नियम. परवानगी घेतलेल्या गट नंबरांवरच उड्डाण. गावातल्या दोन पंचांनी स्क्रीन समक्ष पाहायची. प्रत्येक उड्डाणाचा फॉर्म, त्यात एकही रकाना रिकामा नको.

हवालदार प्रमिलाबाईंना वाचायला दिली. बावीस वर्षं नोकरी. त्यांनी पहिलं पान पाहिलं आणि म्हणाल्या, चिंचझिरीला जाणाऱ्या सहाच्या एसटीत खिडकीपाशी बसा, विहिरीच्या वळणावर वास येतो, तिथे उतरा. बस्स.

वास हे मोजमाप नाही. साहेबांना पत्र दिलं : चाचणी संपेपर्यंत चिंचझिरीत जमिनीवरून झडती घेऊ नये, निष्कर्ष दूषित होतात. साहेबांनी मान्य केलं. प्रमिलाबाईंनी कपाळाला हात लावला. उष्णतेमुळे असावं.

१२ सप्टेंबर, दु. ४.००
पहिलं उड्डाण. पंच म्हणून कुणी येईना. शेवटी दोघे आले. तोतारामनाना : वय अडुसष्ट, टोपी पांढरी, बोलणं मोजकं. आणि झुलाल, त्यांचा शेजारी. नानांनी स्वतःहून जागा देऊ केली. "ताई, मन्हा खळामा या. सावली शे, चहा शे, बठ्ठं शे." सगळं आहे की नाही ते तपासलं नाही, पण खळं खरंच सपाट आहे. कायमचं उड्डाणस्थळ म्हणून निश्चित केलं. रोज एकाच जागेवरून उडालं तरच तुलना शास्त्रीय होते.

झुलाल सतत, "ताई, मन्ही म्हैस कोठे शे, दखाडा ना." नियम १२ केला : खाजगी जनावरं शोधली जाणार नाहीत. त्याआधी शोधून दिली. ओढ्यात होती.

गांजा : आढळला नाही.

१९ सप्टेंबर, दु. १.३०
नानांनी फार महत्त्वाचा मुद्दा काढला. वस्तीवर बायाबापड्या असतात, न्हाणी उघडी असते, वरून यंत्र बघतं, हे बरं दिसत नाही. गोपनीयतेचा प्रश्न माझ्या आधी त्यांना सुचला, हे नोंदवण्यासारखं आहे. नियम १३ : उड्डाणस्थळाभोवती दोनशे मीटर कॅमेरा बंद.

फॉर्ममधला ‘उड्डाणस्थळ व परिसर’ हा रकाना आता कसा भरायचा हा प्रश्न आला. रिकामा ठेवता येत नाही. ‘आक्षेपार्ह काही नाही’ असं लिहून सही केली. आक्षेपार्ह काही दिसलेलं नाही, हे तथ्य आहे.

प्रमिलाबाई हसल्या. कारण सांगितलं नाही.

२६ सप्टेंबर, सं. ७.००
सिग्नल! बांधाच्या कडेची हिरवी पट्टी, सॉफ्टवेअर म्हणतं ९१ टक्के गांजा. साहेब, सहा पोलीस, दोन गाड्या. वीस मिनिटांत पट्टी मुळासकट उपटली.

ती अंबाडी निघाली. मालकीण भिकुबाई, वय सत्तरच्या पुढे. हातातला विळा खाली न ठेवता बोलत होत्या. आय वो, पोलिसस्नी मन्ही भाजी उपाडी टाकी. आते रांधाले बी तुम्हीच या. लसूणही घरूनच घेऊन या म्हणाल्या. एका शिपायाने एक जुडी खरंच डब्याच्या पिशवीत ठेवली. ती परत करायला लावली.

दोन्ही पानांना सारखीच बोटं. सॉफ्टवेअर चुकलेलं नाही. पान चुकीचं आहे.

परतताना साहेब दुसऱ्या गाडीत बसले. मला वाईट वाटलेलं नाही.

२७ सप्टेंबर, स. ६.१०
झोप झाली नाही, त्याचा उपयोग केला. नियम १४ : सिग्नल मिळालेलं पीक अंबाडी आहे की नाही, हे पंच ठरवतील. ते शेतकरी आहेत, मी नाही. त्यांचं म्हणणं अंतिम. यापुढे कुणाची भाजी उपटली जाणार नाही. भिकुबाईंना सांगायला गेले. त्यांनी दार लावलं.

आवृत्ती २.०.

१५ ऑक्टोबर, दु. ३.४५
तीन आठवड्यांत नऊ सिग्नल. पंचांनी स्क्रीन लक्षपूर्वक पाहिली. नऊही वेळा नाना म्हणाले, "अंबाडी शे, ताई. बठ्ठी अंबाडी." झुलाल म्हणाला, "नाना म्हनस तसंच शे." दोन तज्ज्ञांचं एकमत. नऊही नोंदी बंद केल्या.

एक निरीक्षण : चिंचझिरीत अंबाडीखालचं क्षेत्र झपाट्याने वाढलं आहे. सगळी कपाशीच्या ओळींच्या मधोमध, बांधावर नाही. कृषी कार्यालयाला कळवलं. त्यांच्याकडे अंबाडीची काहीच नोंद नाही म्हणाले. सरकारी आकडेवारी किती ढिली असते!

२१ ऑक्टोबर, दु. १२.००
दिवाळी. नानांच्या घरून फराळाचा डबा आला. पंचांकडून वस्तू घेणं योग्य नाही, डबा परत पाठवला. चकली कशी झाली ते सांगा, असा त्यांच्या सूनबाईंचा निरोप होता. अभिप्राय खरा द्यायचा तर चाखणं भाग होतं. चार चाखल्या. खुसखुशीत.

६ नोव्हेंबर, स. ९.३०
कापूस वेचणी जोरात. पंचांना वेळ नाही. मार्ग काढला. नियम १७ : उड्डाणाच्या दोन दिवस आधी गट नंबरांची यादी पंचांना लेखी द्यायची, म्हणजे त्यांना कामं लावून घेता येतात. नानांनी यादी दोनदा वाचली. घडी करून टोपीत ठेवली. कागदाची अशी किंमत ठाण्यातही कुणाला नाही.

१४ नोव्हेंबर, सं. ५.२०
नियम १७ नंतर सिग्नल शून्य. नऊवरून शून्य! नुसत्या देखरेखीने गुन्हा थांबतो हे सिद्ध झालं. आलेख काढून साहेबांना दाखवला. साहेब बराच वेळ बघत होते. ही खाली जमिनीला टेकलेली रेघ काय, विचारलं. शून्य, म्हणाले मी. मग गुन्हा कशावर दाखल करायचा, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न आलेखाबाहेरचा आहे.

सोळा दिवस उरले. चिंता नाही. रात्री दोनदा कॅलेंडर बघितलं, ते तारखेची खात्री करण्यासाठी.

२२ नोव्हेंबर, रा. ९.००
किरकोळ घटना. उड्डाण सव्वीस. परतीला वारा आडवा, बॅटरी कमी. ड्रोन खळ्यात न उतरता मागच्या कपाशीत पडला. मी धावले, पण नाना माझ्या आधी. या वयात एवढा वेग! मला बांधावरच थांबवलं, "तठे साप शेतस." स्वतः आत जाऊन उपरण्यात गुंडाळून ड्रोन आणून दिला. जबाबदार नागरिक याहून वेगळा काय असतो?

पात्यांना हिरवा चिकट चीक लागला होता. विचारलं. अंबाडी म्हणाले. नोंद केली. एसटीत हाताचा वास जात नव्हता. शेजारचे दोघे उठून मागे गेले. कंडक्टरने तिकीट देताना माझ्याकडे जरा जास्तच पाहिलं आणि विचारलं, तब्येत बरी ना ताई?

अंबाडीला एवढा वास असतो हे माहीत नव्हतं.

२८ नोव्हेंबर, रा. १०.३०
प्रमिलाबाईंनी परवा साहेबांकडून झडतीबंदी उठवून घेतली. आज सहाच्या एसटीने गेल्या, विहिरीच्या वळणावर उतरल्या, वासामागे चालत गेल्या. मागून गाडी. नानांच्या खळ्यामागची कपाशी. ओळींच्या मध्ये गांजा, सहाशे बारा झाडं, माणसाच्या उंचीची.

मला कळवलं नव्हतं. का, विचारलं. प्रमिलाबाई म्हणाल्या, तुला सांगितलं असतं तर तू नियमाप्रमाणे नानाला दोन दिवस आधी चिठ्ठी दिली असतीस, पोरी.

मुद्दा बरोबर आहे. दिली असती.

मी पोचले तेव्हा नाना गाडीत बसत होते. चेहरा शांत. म्हणाले, "ताई, तुन्हा बठ्ठा कागद जपी ठेव." अटकेच्या क्षणीही ज्याला नोंदींची आठवण राहते, असा माणूस विरळा. भिकुबाई विळा घेऊन बघायला आल्या होत्या. मला म्हणाल्या, हाई उपाड ना आते.

सगळे गेल्यावर टेपने मोजलं. मी अडीच महिने जिथे उभी राहायचे तिथपासून पहिलं झाड ४६ मीटरवर. माझ्या पाठीमागे. म्हणजे नियम १३ च्या दोनशे मीटरच्या आत, जिथे कॅमेरा बंद. यंत्रणेत दोष नाही. यंत्रणेने तिथे पाहिलंच नाही.

३० नोव्हेंबर, दु. ५.३०
करार संपला. साहेबांनी अंतिम अहवालात लिहिलं : ‘हवाई पद्धतीने उघडकीस आलेले गुन्हे : शून्य.’ आकडा अचूक आहे. ड्रोन साफ करून खोक्यात ठेवला, चार्जर, केबल, पाती सगळं तपासून दिलं. पोचपावती घेतली. प्रमिलाबाईंनी बस येईपर्यंत स्टँडवर सोबत केली. अमळनेरची बसही विहिरीच्या वळणावरूनच जाते, तिथे खिडकी उघडी ठेवली. वास नव्हता.

घरी गेल्यावर आवृत्ती ३.० लिहायची. चूक नियमांची नव्हती, नियम कमी पडले.

१८ डिसेंबर, स. ११.१५, अमळनेर
फोन. तोतारामनानांचे वकील. अतिशय सभ्य माणूस. नानांच्या जामीन अर्जाला माझे सव्वीसही फॉर्म जोडले आहेत. प्रत्येकावर ‘उड्डाणस्थळ व परिसर : आक्षेपार्ह काही नाही’, खाली पोलिसांनीच नेमलेल्या तांत्रिक तज्ज्ञाची सही. नऊ ठिकाणी अंबाडीची नोंद वेगळी. खटला उभा राहिला तर बचावाची साक्षीदार म्हणून माझंच नाव देणार आहेत.

थोड्या वेळाने प्रमिलाबाईंचाही फोन. एकच प्रश्न. सव्वीसच्या सव्वीस सह्या तुझ्याच ना? माझ्याच, म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

वकिलांनी नियमावली पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली आहे. साहेबांनी नव्हती वाचली. प्रमिलाबाई पहिल्या पानावर थांबल्या होत्या. वकिलांना नियम १७ तोंडपाठ होता. क्रमांकांत एक चूक होती, तीही त्यांनीच दाखवली.

आवृत्ती ३.० तयार होत आली आहे, हवी असेल तर पाठवते, असं मी म्हणाले. ते घाईघाईने नको म्हणाले. आहे तीच राहू द्या, मॅडम. एक शब्दही बदलू नका.