ओट्यावरचा चहा

आई, आज धुळ्याच्या कोर्टात मी एक माणूस सोडवला आणि सगळ्यात आधी तुझी आठवण आली. अभिमानानं आली की लाजेनं, ते काही ठरवता येत नाही.

भडगावच्या आपल्या वावरातली केळी रातोरात कुणी कापून टाकली, ते दिवस. कापणारा बांधाशेजारचाच, हे अख्ख्या गावाला ठाऊक. हवालदार आलाय, सोबत परगावचे दोन पंच, आणि ऊन मी म्हणतंय. तू पंचांना ओट्यावरून हलू देत नाहीस. "पाव्हणाले उनमा कसं धाडू? आधी च्या पी ल्या, भाऊ." हवालदार एकटाच जातो, शेजाऱ्याच्या गोठ्यातून केळीच्या चिकानं काळा पडलेला कोयता आणतो, आणि पंच ओट्यावरच सह्या ठोकतात. पुढं कोर्टात शेजाऱ्याच्या वकिलानं पंचाला एवढंच विचारलं, कोयता सापडला तेव्हा तुम्ही कुठं होता? बिचारा देवमाणूस. म्हणाला, "ओटावर. अक्कानी च्या करेल व्हता." कोर्ट हसलं, पंचनामा फेटाळला, शेजारी सुटला. परतताना एसटीत तू पुन्हा पुन्हा विचारत होतीस, "साक्षीदार खरं बोलना, मंग तो कसा सुटना?" पंच खरं बोलला तरी गुन्हेगार सुटला कसा, याचं उत्तर शोधायला वकील झाले, असं मी लोकांना सांगते. सापडलं मात्र नाही.

आज त्या वकिलाचाच प्रश्न मी विचारला. शिंदखेड्याकडच्या एका म्हातारीची पपईची झाडं तोडल्याचा माझ्या अशिलावर आरोप. तोडली का, हे मी त्याला कधी विचारलंच नाही. त्याच्या घरात कुऱ्हाड सापडली तेव्हा पंच म्हातारीकडे चहा पीत होता. आता पंचाशिवाय पंचनामा मानला, तर पोलीस उद्या कुणाच्याही घरातून काहीही काढतील, हेही खरंच ना?

बाहेर म्हातारी बाकावर बसली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, पुढच्या वेळी पंचांना आधी पोलिसांबरोबर पाठवा. चहा नंतर."

ती म्हणाली, "पाव्हणाले उनमा कसं धाडू, बाई?" मग टपरीवाल्याला दोन कप सांगितले आणि सरकून जागा केली. "तू बी उभीच शे. बस."

तू गेलीस तिथला पत्ता असता तरी हे तुला धाडलं नसतं. तिचा चहा प्यालीस का, एवढंच तू विचारलं असतंस. प्याले, आई. तिच्याकडे न बघता.