घसरणीचं नवं नाव

प्रिय गप्पाड्या,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण लहानपणापासूनची सवय, जाता जात नाही. तू तिकडे सहलींच्या कंपनीत साहेब झालास म्हणे. चांगलं झालं. माझं पाट्या रंगवायचं दुकान चालू आहे, पाठ तेवढी कुरकुरते.

आपल्याकडची नावं आठवतात ना? चढणीला दमछाक, कारण तिथे भल्याभल्यांना धाप लागते. टेकडीला बोडकी, कारण तिच्यावर औषधालाही झाड नाही. आणि कड्याला घसरण. जुन्या माणसांनी ते नाव हौसेनं नाही ठेवलं, पोराबाळांनी पाय जपून टाकावा म्हणून ठेवलं. ताईसुद्धा जपूनच टाकायची. पण त्या दिवशी शेळी कडेला गेली, ताई तिच्यामागे धावली, पायातली चप्पल सटकली आणि ताई कड्यावरून गेली ती गेलीच. आईची नवी चप्पल, ताईनं गुपचूप घातलेली. मी मागेच होतो. आई जन्मभर त्या चपलेला आणि स्वतःला दोष देत बसेल म्हणून मी तिला फक्त पाय घसरला एवढंच सांगितलं. चपलेचं बोललो ते एकट्या तुझ्याजवळ, तुझ्या गळ्यात पडून.

आणि तू काय केलंस? गाइड झालास, आणि घसरण म्हटलं की पाहुणे गाडीतून उतरेनात, म्हणून गोष्ट रचलीस. कुणी एक मुलगी, आईची नवी चप्पल चोरून घालून प्रियकराला भेटायला आली, तो आलाच नाही, तिनं उडी टाकली. प्रेमवेडीचा कडा! वा रे पठ्ठ्या! माझी ताई विकून खाल्लीस आणि ढेकरही दिला नाहीस. आता नगरपालिकेनं तेच नाव पक्कं केलंय, आणि पाटी रंगवायला माणूस आला तो माझ्याच दारात. मी त्याला हाकलून दिलं. दुसरा कुणी रंगवेल, मला माहीत आहे.

पण पाटीसाठी मी शाई वाया घालवली नसती. गेल्या आठवड्यात एका पाहुणीनं ही गोष्ट आईला रंगवून सांगितली. चपलेचं ऐकलं आणि आई मटकन खाली बसली. तेव्हा हरवलेली चप्पल तिला अजून आठवते. चप्पल खरी, म्हणजे बाकीचंही खरंच, असं तिनं धरलंय. चप्पल तेवढी खरी, बाकी सगळं खोटं, अशा मी शपथा घेतल्या, तर म्हणाली, चपलेचं लपवलंस तसं हेही लपवलं असशील. आता ती दिवसभर एकच विचारते, पोरीनं मला का नाही सांगितलं, मी काय तिला मारलं असतं का? माझा शब्द तिच्या लेखी संपला. गोष्ट तुझी आहे, ती तुझ्याच तोंडून मोडेल. नाव राहू दे, पाटी राहू दे, माफीही नको मला. तू फक्त ये आणि तिच्यासमोर बसून सांग की तू खोटं बोललास. लवकर ये. ती जेवत नाही रे.

तुझाच म्हणवत नाही, तरी तुझा,
पेंटर