हेटीचा गुडघा आणि आठ अक्षरं

हॅगडेल, यॉर्कशर
३ मे १९९३

आदरणीय लायनल यांस,
पर्सीचा सप्रेम नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? कॉर्नवॉलची हवा मानवते आहे ना? इकडे मी ठणठणीत आहे, फक्त तुमच्या प्रोग्रॅमनं माझी अब्रू घालवली, ते सविस्तर कळवतो.

तुम्ही क्लबसाठी सायकलच्या गिअरचा हिशेब करणारा प्रोग्रॅम लिहून दिलात त्याला सात वर्षं झाली. (नव्या कॉम्प्युटरवाले त्याला हसतात. हसू देत. त्यांना चढ चढता येत नाही.) पुढचे दाते, मागचे दाते, चाकाचा व्यास टाकला की तक्ता तयार, आकडा जितका लहान तितका चढ सोपा, हे मलासुद्धा कळतं. माझं घोडं अडतं ते तक्ता फायलीत ठेवून छापण्यापाशी.

मार्चमध्ये हेटी फेदरस्टोन आली. (लायब्ररीतली, दंडाचे पैसे घेताना स्वतःच माफी मागायची, ती.) गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि वसंतातल्या सहलीत क्रो बँकची चढण न उतरता चढून दाखवीन असं डॉक्टरला सांगून बसलेली. मी तिला बिनदाताच्या म्हातारीलाही झेपेल असा तक्ता करून दिला, म्हणजे फायलीत ठेवला. फायलीच्या नावाला तुम्ही आठच अक्षरं ठेवलीत, तेव्हा इंग्रजीत फेदरस्टोनचं नुसतं ‘फेदर्स’ उरलं, म्हणजे पिसं. दुसऱ्या दिवशी तिचा भाचा क्लेमंट शर्यतीचा तक्ता मागायला आला. त्याचंही आडनाव तेच, पिसंही तीच. प्रोग्रॅमनं विचारलं, या नावाची फाईल आहे, पुसून नवी लिहू का? (विचारलं होतं, खोटं कशाला बोलू.) मी हो म्हटलं. यंत्रानं इतकं अदबीनं विचारल्यावर नाही म्हणायचा माझा स्वभाव नाही.

मग छपाई. एक फाईल छापायची तर नाव टाकायचं, पण मला नाव आठवेना, म्हणून तुमच्या वहीत लिहिल्याप्रमाणे चांदणीचं चिन्ह टाकलं. त्याचा अर्थ ‘सगळ्या’ असा होतो हे पुढच्या पानावर होतं. प्रिंटर दुपारच्या चहापर्यंत करकरत राहिला. एकसष्ट तक्ते, एकाला एक जोडलेले, जिना उतरून स्वयंपाकघरात गेले. त्यात दोन दिवंगत सभासदांचेही होते. मी कात्री घेऊन बसलो आणि ‘फेदर्स’ लिहिलेला एकच तक्ता निघाला, त्याच्या दोन प्रती करून आत्या-भाच्याला एकेक दिली. सायकलच्या दुकानातल्या माणसाला जरा शंका आली होती म्हणे, पण छापलेलं आहे म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणून त्यानं हेटीच्या सायकलला शर्यतीचे गिअर बसवले.

आमचं गाव सपाट, त्यामुळे सहलीपर्यंत कुणाला पत्ता नाही. क्रो बँकच्या पहिल्या वळणावर हेटी थांबली. बाकीचे पुढे गेले होते. मी मागं वळलो तर ती दगडी कुंपणाला टेकून उभी, डोळे पुसत. मला म्हणाली, “गुडघा गेला, पर्सी. डॉक्टर मनातून हसत असणार.” तिला धीर द्यायला मी खाली वाकलो (काय बोलावं सुचेना की मी साखळीकडे बघतो, माझ्या डल्सीला हे माहीत होतं) आणि मागचे दाते मोजले. अठ्ठावीस हवे होते. एकवीस होते. परत मोजले. लायनल, तुमच्या बहिणीच्या आजारपणानंतर इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मी सगळं कबूल केलं, चांदणीसकट.

तिनं रुमाल खिशात कोंबला. मग म्हणाली, “म्हणजे गुडघा चांगला आहे?”
“गुडघा उत्तम आहे. गाढव मी आहे.”
“मग चालेल. त्याला ऑपरेशन लागत नाही.”

आम्ही सायकली ढकलत चढलो. दीड तास लागला. वर पोचेस्तोवर क्लबनं सगळा चहा संपवला होता, मांसाचं सारण भरलेली एक पेस्ट्री शिल्लक होती, ती दोघांत खाल्ली. पुढच्या रविवारी बरोबरचे गिअर बसवून आम्ही दोघंच गेलो आणि ती सीटवरून न उतरता वर पोचली. मी उतरलो, दोनदा.

तुमचा,
पर्सी ऍक्रॉइड

ता. क. – फायलीच्या नावात आडनावासोबत पहिलं अक्षर बसेल असं काही करता येईल का? सवडीनं कळवा.

ता. क. २ – वरचं तितकंसं महत्त्वाचं नाही. हेटीचं आडनाव बदलायचं आमच्या मनात आहे. डल्सीला जाऊन सहा वर्षं झाली, तरी तिच्या थोरल्या भावाला, म्हणजे तुम्हाला, विचारल्याशिवाय हे करणं मला जमणार नाही. हे लिहायला चार दिवस लागले, म्हणून गिअरचं आधी लिहिलं. तुम्ही नको म्हणालात तर मी वाईट वाटून घेणार नाही.

ता. क. ३ – हेटीनं पत्र वाचलं. ती म्हणते, वाईट वाटून घेणार नाही हे खोटं आहे, आणि परवानगी मागायची ही रीत नव्हे. तिनं सांगितलंय ते तसंच लिहितो: “डल्सीचा भाऊ पहिल्या बाकावर बसणार असेल तरच मी चर्चमध्ये येईन.” बारा जून, सकाळी अकरा. कंबरेसाठी उशी आम्ही ठेवू.