शाल-नारळातून उरलेलं आयर्लंड

रविवार संध्याकाळ, तासगाव

वाचनालयात आयर्लंडवर बोलायला बोलावलं होतं. आधी शाली आणि नारळ. कारखान्याच्या संचालकांपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांचे सत्कार झाले, मग अध्यक्ष म्हणाले, "सर, जरा आटपतं घ्या."

तिथल्या दुष्काळात उपाशी माणसांसमोरून धान्याची जहाजं इंग्लंडला गेली, ते एका वाक्यात उरकलं. पुढं आयरिश लोकांनी आपल्या प्रतिसरकारासारखी स्वतःची न्यायालयं चालवली, तिथं टाळ्या पडल्या. इंग्रजांशी तह झाला म्हणालो आणि चिठ्ठी आली, थांबा. थांबलो. चिठ्ठी नसती तरी थांबलोच असतो का?

कारण त्या तहावरून कालचे साथीदार एकमेकांवर गोळ्या झाडू लागले, सख्खे भाऊसुद्धा. आणि समोर संचालकांच्या रांगेत माझा दादा. कारखान्याच्या निवडणुकीत आम्ही दोघं दोन पॅनलांत गेलो, तेव्हापासून अबोला.

चहाच्या वेळी दादा माझ्याशेजारी उभ्या शिपायाला म्हणाला, "इचार त्यांना, तहानंतर फुडं काय झालं?"

मीही शिपायाकडंच बघून म्हणालो, "सांग त्यांना, वेळ संपला."

शिपाई दोघांकडं बघत राहिला. दोघांच्याही खांद्यावर सारखीच शाल.